लाल सायकल कुणी दिली?

"ताई, आमच्या ह्यांनी म्हणे पिंकीला दहाव्या वाढदिवसाला लाल सायकल दिली होती!"

वहिनी भिंतीपाशी आल्या त्या हे वाक्य घेऊनच. हातात मेथीची जुडी, डोक्याला टॉवेल तसाच गुंडाळलेला. शुक्रवारी त्या केस धुतात, आणि केस वाळेपर्यंतचा वेळ भिंतीचा. कोपरखैरण्याची आमची ही घरं सिडकोनं बैठी घरं म्हणून दिली. आता त्यात बैठं काही उरलेलं नाही. ज्यानं त्यानं एकावर एक मजले चढवून गल्लीतलं ऊन बंद केलं. मागची ही छातीएवढी भिंत तेवढी दोन्ही घरांनी उंच होऊ दिलेली नाही.

"दिली असेल. तुम्हाला आठवत नसेल," मी म्हटलं.

"मला आठवत नसेल? अहो, दहाव्या वाढदिवसाला कंपासपेटी दिली होती, आणि तीसुद्धा शाळेसाठी घ्यायचीच होती म्हणून. सायकल कुठून उपटली मधेच?"

उपटली ती इंग्रजीतून. पिंकीची उद्या सकाळी आयएल्ट्सची बोलण्याची परीक्षा. ऐकायचा, वाचायचा आणि लिहायचा असे तीन पेपर मागच्या शनिवारी झाले. बोलण्याचा तेवढा राहिला. आठवडाभर पोरगी वरच्या खोलीत आरशापुढं उभी राहून इंग्रजी बोलते आहे, आणि आमच्या गल्लीत खिडकीतून बोललेलं कधी एकाच घरात राहत नाही.

"काल संध्याकाळी तिचं चाललं होतं, ‘माय फादर गिफ्टेड मी अ ब्यूटिफुल रेड बायसिकल ऑन माय टेन्थ बर्थडे.’ हे नेमके जिन्यात. तेवढं इंग्रजी कळतं हो ह्यांना. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, तसेच उभे राहिले. रात्री अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि मला विचारतात, ‘हिला सायकल पाहिजे होती का गं? मला कधी बोलली नाही.’"

"अरे देवा. मग?"

"मग काय! सकाळी पोरीशी न बोलता कामावर गेले. पोरीला कळेना बाप का फुगलाय, बापाला कळेना विचारू कसं."

मला हसू आवरेना. कारण ही लाल सायकल माझ्या चांगल्या ओळखीची. मागच्या लेनमधला तो दाढीवाला मुलगा, जो गेल्या वर्षी कॅनडाला गेला, त्यालाही वाशीच्या त्याच क्लासनं दिली होती. तीच, लाल. दहाव्याच वाढदिवसाला. त्याच्या बापाचा तर मुलगा दहाचा होण्याआधीपासूनच घरात पत्ता नव्हता.

"वहिनी, क्लासवाले उत्तरांची झेरॉक्स देतात. लहानपणी सायकल होती का? होती, लाल, वडिलांनी दिलेली. आवडतं माणूस कोण? आजी. ती पहाटे उठते. आवडती जागा? लोणावळा. सगळ्या बॅचच्या आज्या पहाटे उठतात."

"आमच्या सासूबाई आठला उठायच्या."

"ते कुठं लिहायचं नसतं."

वहिनींनी मेथी भिंतीवर पसरली आणि निवडायला घेतली, म्हणजे विषय लांबणार. "पण ताई, सायकलशी काय करायचंय त्या लोकांना? पोरगी निघालीय डब्लिनला डेटा का काय ते शिकायला. तिथं सायकलवरून जायचंय का कॉलेजात?"

आता माझी भाची मेलबर्नला गेली तेव्हा या परीक्षेचं सगळं रामायण आमच्या घरी झालेलं, म्हणून मी जाणकार. सांगितलं त्यांना. समोर एक माणूस बसतो. बोलणं रेकॉर्ड होतं. सगळा कारभार ११ ते १४ मिनिटांचा. पहिली चार-पाच मिनिटं सोपे घरगुती प्रश्न: कुठं राहता, काय शिकता, आणि मग असलंच काहीतरी, सायकल, पाऊस, शेजारी. नंतर एक कार्ड हातात देतात, त्यावर विषय. १ मिनिट विचार करायला, कागद-पेन्सिल मिळते, मग दोनेक मिनिटं एकट्यानं बोलायचं. शेवटी त्याच विषयावरचे मोठे प्रश्न, सरकारनं काय करावं, पुढं काय होईल, वगैरे.

"११ मिनिटं? आणि फी किती भरली माहितीय? अठरा हजाराच्या घरात! आपण इथं रोज फुकट बोलतो."

"चारही पेपरची मिळून आहे ती फी."

"असू दे. तरी."

"आणि त्यांना सायकलशी काही करायचं नसतं. सायकल होती म्हणा नाही तर नव्हती म्हणा, त्याला मार्क नाहीत. अडखळत बोलता की सलग, शब्द किती आहेत, व्याकरण कसं आहे, उच्चार कळतात का, या चार गोष्टींचे सारखे मार्क. आपल्या मराठी वळणानं बोललं तरी चालतं, समोरच्याला कळलं म्हणजे झालं."

"म्हणजे खोटं बोललं तरी चालतं?"

"खोटं चालतं. पाठ केलेलं चालत नाही. ते ओळखायला शिकवलेलंच असतं त्यांना. आणि लाल सायकलवर मधेच कुणी ‘का?’ विचारलं की चेन पडलीच समजा."

यावर वहिनी जरा वेळ गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं म्हणजे दोन-तीन काड्या मेथीच्या. मग म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे होती का हो सायकल? लहानपणी?"

घ्या! आता मला सांगा, काय उत्तर द्यायचं? बेळगावला टिळकवाडीत आमच्या घरी सायकल होती. पण ती अण्णांची. पावती त्यांच्या नावाची, चावी त्यांच्या जानव्याला. सकाळी दादा तीवरून दूध आणायचा. दहाला अण्णा तीच घेऊन कचेरीत. संध्याकाळी आई दळणाचा डबा कॅरिअरवर ठेवून तिला गिरणीपर्यंत हातानं ढकलत न्यायची. आई कधी सीटवर बसलेली मी पाहिली नाही, पण त्या सायकलचा सगळ्यात जास्त उपयोग तिनंच केला. आणि मी? रविवारी दुपारी अण्णा झोपले की हळूच जानव्याची चावी सोडवायची, ढेंगेत न मावणाऱ्या दांडीखालून पाय घालायचा आणि हाफ पायडल मारत गल्लीच्या टोकापर्यंत. डोळा लागलेल्या माणसाच्या जानव्याची गाठ सोडवणं हे पोटापाण्याच्या कुठल्याही कामापेक्षा अवघड आहे, हे मी अनुभवानं सांगते. तर मग माझ्याकडे सायकल होती का? हो म्हणू की नाही म्हणू?

हे मी वहिनींना सांगितलं, तर त्या एकदम खुलल्या. "अगदी! आमच्या कराडला बाबांची दुधाची सायकल. दोन्ही बाजूंना किटल्या. बाबा संध्याकाळी चावडीवर गेले की मी ती बाहेर काढायची, रिकाम्या किटल्या लावलेल्या तशाच ठेवून. का सांगू? पडलं तर किटली आधी टेकते, हँडल वाकत नाही."

"हुशार की!"

"कसली हुशार. एकदा उसाच्या गाडीला बाजू द्यायला गेले आणि ओघळीत. डावी किटली अशी चेपली ना, इथं." वहिनींनी स्वतःच्या कमरेवर जागा दाखवली. "बाबांनी ठोकून घेतली, पण ती काही सरळ झाली नाही. मग पुढं गिऱ्हाईकं म्हणायची, किटली आतून चेपलीय, दूध कमी बसतं तिच्यात. बाबा मापानंच घालायचे हो दूध, किटलीचा काय संबंध? पण माझं लग्न होईपर्यंत बाबांना ते ऐकावं लागलं. आणि बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर माझ्या आत्यानं तेच सांगितलं, पोरगी धाडसाची आहे म्हणून. सासऱ्यांना ते आवडलं. नाहीतर कराडची पोरगी जावळीत कोण देतं!"

म्हणजे चेपलेल्या किटलीवर लग्न जमलं, आणि त्या लग्नाची पोरगी वरच्या खोलीत लाल सायकल घोकत बसली होती. मी वहिनींना म्हटलं, बोलवा तिला खाली.

पिंकी आली. कानात ते पांढरं बोंड, हातात झेरॉक्स. डोळ्यांखाली काळं. मी मुद्दाम परीक्षकासारखी मान ताठ करून विचारलं, "डिड यू हॅव अ बायसिकल व्हेन यू वेअर यंग?"

"येस, आय हॅड अ ब्यूटिफुल..."

"लाल नको."

पिंकी थांबली. "मग काय सांगू काकू? नव्हती म्हटलं की संपलं ना उत्तर. सर म्हणतात, नो म्हणायचंच नाही, नो म्हटलं की बँड, म्हणजे मार्क, जातो."

"कोण म्हणतं जातो? नव्हती, तर का नव्हती, कुणाची चालवलीस, ते सांग."

"कुणाची काय... आर्यादीदीची लेडीबर्ड आली होती की आपल्याकडे." हे आईकडे न बघता.

वहिनींनी मेथी खाली ठेवली. "तो विषय मी भिंतीवर काढणार नव्हते," असं म्हणून त्यांनी तो काढला. नणंदेची मुलगी मोठी झाली, तिची जांभळी लेडीबर्ड पिंकीला दिली. दिली म्हणजे दिली, असं या घराला वाटलं. पिंकीनं एक पावसाळा चालवली, सेक्टरच्या मैदानाला चकरा मारून मारून शिकली. दिवाळीला नणंद आली ती जाताना टेम्पो बोलावून. तिच्या दिराच्या मुलीला हवी होती म्हणे. "अशी उचलली टेम्पोत, जशी काही भाड्यानं दिली होती! ह्यांची सख्खी बहीण, हे काही बोलले नाहीत. मी बोलले असते, पण माझ्या हातात फराळाचं ताट होतं."

"आई, पण घंटी माझ्याकडे आहे."

"कसली घंटी?"

"सायकलची. टेम्पो यायच्या आधी मी पान्यानं काढून घेतली. कपाटात आहे. खालच्या खणात, ओढण्यांच्या मागे."

वहिनींचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता. कारण त्या घंटीवरून नणंद-भावजयीत दोन गणपती अबोला होता. नणंदेनं फोन करून विचारलं होतं, घंटी कुठं गेली; वहिनींनी उत्तर दिलं होतं, तुमच्या टेम्पोवाल्याला विचारा. आणि टेम्पोवाला बिचारा नणंदेच्या सोसायटीत कायमचा चोर ठरला.

"मी खोटी पडले की गं! अगं, मी देवाची शपथ घेतली होती!"

"मला विचारलंच नाही कुणी."

मी पिंकीला म्हटलं, हे इंग्रजीत सांग. आत्ता. जसं येईल तसं. ती आधी लाजली, मग सुरू झाली. ‘नो, आय डिडंट. आय हॅड ओन्ली द बेल.’ आणि पुढं धडाधड, कझिन, टेम्पो, आँट, स्पॅनर. पान्याला स्पॅनर म्हणतात हे तिला बरोबर ठाऊक होतं, झेरॉक्समध्ये नसूनही. एकदा ‘टूक’च्या जागी ‘टेकन’ म्हणाली, एकदा अडखळली, पण आरशासमोरचा तो रेडिओवरच्या बातम्यांचा आवाज पार गेला होता. हात हलत होते. बेल कशी फिरवून काढली ते हातानं दाखवत होती.

"बाबांना सांगू का हे?" शेवटी ती म्हणाली.

"बाबांना मी सांगते," वहिनी म्हणाल्या. "आत्याला कुणी सांगायचं ते नंतर ठरवू."

एवढ्यात मागच्या दारातून खुर्ची सरकवल्याचा आवाज. तात्या. वहिनींचे सासरे, वय ऐंशीच्या पुढं, ऐकू कमी येतं असं सगळ्यांना वाटतं. मशीद बंदरच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी होते. ऐंशीच्या दशकात बाजार इकडे हलला, तशी जावळी-पाटणची ही सगळी माणसं पोत्यांच्या मागोमाग खाडी ओलांडून आली, आणि कोपरखैरणे-घणसोली-ऐरोलीत निम्मा सातारा वसला.

"सायकलीचं काय चाललंय?" तात्यांनी विचारलं.

तात्यांना सायकलीबद्दल विचारू नये, अशी घरात पद्धत आहे. कारण जिन्याखाली त्यांची काळी ॲटलस उभी आहे, बावीस इंची, आणि तिच्यावर कांद्याचं पोतं, जुना मिक्सर, गणपतीचं मखर असं सगळं ठेवलेलं असलं तरी तिला हलवायची कुणाची छाती नाही. २०२० मध्ये ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तोही नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. मी पेपरात वाचून तात्यांना सांगितलं, ते मला महागात पडलं. घरच्या माणसासारखं सुतक धरलं त्यांनी. सायकल घेतल्याची पावती त्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे, वहिनींच्या गंठणाशेजारी.

"तात्या, पिंकीला परीक्षेत सायकलीबद्दल बोलायचंय," मी जरा मोठ्यानं सांगितलं.

"मग मला न्या की."

आणि सुरू झाले. तेव्हा इकडं लोकल नव्हती. वाशीला गाडी आली १९९२ ला, पण ठाण्याहून कोपरखैरण्यावरून जाणारी २००४ ला. बाजार पहाटे सुरू व्हायचा, बस नाही, रिक्षा नाही. काळोखात सायकल. खाडीच्या बाजूला कोल्हे ओरडायचे. डायनामो चाकाला लावला की उजेड, पण पायडल जड. म्हणून तात्या उतारावर उजेड लावायचे आणि चढावर अंधारात जायचे. एकदा हवालदारानं अडवलं, दिवा का नाही म्हणून. तात्या म्हणाले, साहेब, मी थांबलो म्हणून दिवा गेला, तुम्ही बाजूला व्हा, मी चालायला लागलो की येतो. हवालदारानं सोडून दिलं. का, ते मला अजून कळलेलं नाही, पण हे तर्कशास्त्र उद्या परीक्षकावर चालेल असं पिंकीचं मत पडलं.

"आणि चाललीस कुठं गं तू?" तात्यांनी विचारलं. त्यांना अनेकदा सांगून झालं आहे.

"डब्लिन. आयर्लंड."

आता इथं मला राहवेना. बेळगावकर माणसासमोर सायकलचा विषय निघाला आणि किर्लोस्कर आले नाहीत असं होत नाही. म्हटलं, तात्या, आमच्या बेळगावात किर्लोस्कर रोड आहे तो उगाच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. बढती यांना मिळायची ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून गावाकडे आले. भाऊ रामुअण्णांच्या जोडीनं बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान होतं, ते १८८८ चं. पुढं लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी, पंप, इंजिनं, सगळं त्या सायकलच्या दुकानातून निघालं. आणि गंमत म्हणजे त्याच १८८८ मध्ये तिकडं बेलफास्टला डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाच्या तीनचाकी सायकलला दणके बसू नयेत म्हणून केलेला उद्योग. त्या टायरची कंपनी निघाली ती १८८९ मध्ये, डब्लिनला. आपली पिंकी निघालीय तिथंच.

तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे पंक्चर काढायला चाललीय म्हणा की. त्याला एवढं इंग्रजी कशाला?"

पिंकी मात्र आता रंगात आली होती. झेरॉक्सचं शेवटचं पान काढलं. मोठे प्रश्न. ‘शहरात सायकलींना उत्तेजन देण्यासाठी सरकारनं काय करावं?’ खाली छापील उत्तर: ॲमस्टरडॅम, कोपनहेगन, प्रदूषण, आरोग्य.

"ॲमस्टरडॅम बघितलंयस?" मी विचारलं.

"नाही."

"मग धारण तलाव सांग."

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की उन्हाचा त्रास होतोय का मला. पण खरंच, सांगण्यासारखं हेच आहे. नवी मुंबईचा मोठा भाग खाडीच्या भरतीच्या पातळीखाली. म्हणून सिडकोनं वाशी-कोपरखैरण्यापासून बेलापूरपर्यंत धारण तलाव खोदले, हॉलंडच्या धर्तीवर. भरती आली की दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला दारं उघडतात. त्यातले किती गाळानं भरलेत तो विषय वेगळा, तो काढला तर परीक्षा संपेल. पण हॉलंडची पाण्याची युक्ती आणली ना? मग त्यांची सायकल का नाही आणली? तिकडं माणसांपेक्षा सायकली जास्त. आणि सपाट जमीन ही सायकलची पहिली गरज, ती तर आपल्याकडे भराव घालून आयती तयार. कोऱ्या कागदावर आखलेलं शहर, सेक्टर, स्टेशन, बाजार सगळं जवळ जवळ. रस्ते असे रुंद केले की मुंबईकरांचे डोळे फिरावेत. त्यात सायकलपुरती पट्टी तेव्हा सोडली असती तर आज कुणाला त्यासाठी पैसा शोधावा लागला नसता.

"आता युलू आहे की," पिंकी म्हणाली. "२०१८ मध्ये महापालिकेनं आणल्या ना सायकली, मोबाइलवर कुलूप उघडायचं."

"मी बसले होते एकदा," वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघायला लागलो. "काय झालं? कुणी नव्हतं बघायला. पण ताई, सायकल मिळते, चालवायची कुठं? कडेला गाड्या उभ्या, मधून बसेस. आणि त्या पाम बीच रोडवर तर गाड्या अशा जातात की माणूस सायकलवरून नाही, जीव मुठीत धरून जातो. मी आपली वळले आणि लावून टाकली."

"हेच सांग की गं पिंकी, आईचं!"

"‘माय मदर रोड अ युलू सीक्रेटली.’ बाबांना हेही माहीत नाही ना?"

"तू लाल सायकलच सांग बाई," वहिनी म्हणाल्या.

मी आणखी एक सुचवलं, सायकल कामासाठी वापरतात का असं विचारलं तर डबेवाले सांगायचे. इंग्लंडचा तेव्हाचा युवराज चार्ल्स २००३ मध्ये चर्चगेटला त्यांना भेटायला आला होता आणि २००५ मध्ये स्वतःच्या लग्नाला त्यानं दोघांना बोलावलं. समोर इंग्रज बसला असेल तर खूश होईल. पिंकी म्हणाली, समोर बहुतेक आपलाच कुणीतरी असतो. असू दे, डबा त्यालाही कळतो. आणि पुण्याची वेदांगी कुलकर्णी आहेच. इंग्लंडला शिकायला गेली आणि २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाला वळसा घालून आली.

"एवढं चालवून पोचली कुठं?" तात्या.

"तात्या, जगाला फेरी."

"म्हंजे निघाली तिथंच. मी बी रोज तेच करत होतो." आणि त्यांनी पायाची घडी बदलली.

वहिनींची मेथी निवडून झाली होती, टॉवेलही सुटला होता. पिंकीनं झेरॉक्स भिंतीवर ठेवली, वर देठं पडली तरी उचलली नाही. मी सहज म्हटलं, "उद्या किती वाजता आहे गं?"

"नऊ. साडेआठला पोचायचंय."

"पेन्सिल-बिन्सिल काही नेऊ नकोस, तिथंच देतात. मोबाइल बाहेर ठेवायला लावतात. पासपोर्ट तेवढा आठवणीनं घे."

"बोलायला कशाला पासपोर्ट?" वहिनींनी विचारलं. "तोंड तिचंच आहे ना?"

"ते तिचंच आहे हे त्यांना कसं कळणार? मूळ पासपोर्ट लागतो, पेपरला लागला होता तसाच. आधार चालत नाही, झेरॉक्स चालत नाही. नसला तर दारातून परत."

पिंकीनं कानातलं बोंड काढलं. "पासपोर्ट मी शनिवारी आल्या आल्या तात्यांकडे दिला."

सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या. तात्या शांत होते. महत्त्वाच्या कागदांच्या बाबतीत ते नेहमीच शांत असतात.

"लॉकरात हाय," ते म्हणाले. "सायकलीच्या पावतीखाली. हरवाया नको."

लॉकर तात्यांच्या एकट्याच्या नावावर. सही त्यांची. किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात. वहिनींनी मोबाइल बघितला. तीन वाजून दहा मिनिटं, बँक चारला बंद.

"पिंके, नाक्यावर जा, रिक्षा थांबव! तात्या, उठा, टोपी घाला. नाही, ती नाही, काळी घाला, सही जमली नाही तर फोटो तरी जुळू दे. ताई, ही मेथी तेवढी आत घ्या, आणि गॅसवर..."

"सुनबाई," तात्या खुर्चीचा हात धरून उठता उठता म्हणाले, "रिक्षा मिळंस्तोवर माझी ॲटलस..."

"तात्या, तिच्यात हवा नाही!"